कामगाराचा हात आणि तपासणीचा कागद : कंपनजन्य हातविकाराच्या आरोग्यतपासणीची चिकित्सा

बीजसंज्ञा : कंपन, व्यावसायिक विकार, अनुसूची, आरोग्यतपासणी, वऱ्हाड.

प्रस्तावना

अकोला जिल्ह्यातील बाळापूर येथे नदीकाठी मिर्झा राजा जयसिंगाच्या नावाने ओळखली जाणारी काळ्या पाषाणाची छत्री उभी आहे. तिचा दगड छिन्नी आणि हातोड्याने घडविला गेला. त्या कामातही हाताला हादरा बसत असे. परंतु दोन घावांमध्ये उसंत होती आणि घावाची गती माणसाच्या दमावर ठरत होती. आज याच तालुक्यातून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो, पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच असलेले औष्णिक वीज केंद्र चालते आणि गावोगावी वेल्डिंगची दुकाने, फरशी कापणारे कारागीर, स्लॅबच्या कामावरचे मजूर दिसतात. त्यांच्या हातात ब्रेकर, ग्राइंडर, कटर अथवा व्हायब्रेटर असतो. ब्रेकर मिनिटाला हजाराहून अधिक घाव घालतो. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. येथे गती यंत्र ठरविते, आणि हाताने ती सोसावयाची असते.

या सोसण्याचा हिशेब ठेवण्याचे एक साधन म्हणजे कामगाराची आरोग्यतपासणी. ही तपासणी ज्या कायद्याच्या आणि वैद्यकीय मजकुरावर उभी आहे, तो मजकूर कामगाराच्या हाताकडे कसा पाहतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप

दीर्घकाळ कंपन सोसणाऱ्या हातात तीन प्रकारचे बिघाड संभवतात. बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या थंडीत आकुंचन पावून बोटे पांढरी पडतात. संवेदनेचे मज्जातंतू क्षीण होऊन मुंग्या आणि बधिरपणा येतो. स्नायू, सांधे व मनगट यांना इजा होऊन पकड ढिली पडते. इटलीतील लोरिगा याने १९११ मध्ये हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या कामगारांतील हा विकार नोंदविला. अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथील चुनखडीचा दगड घडविणाऱ्या कामगारांचे हात तपासले. ब्रिटनने १९८५ मध्ये या विकाराचा समावेश भरपाईस पात्र व्यावसायिक रोगांत केला.

या इतिहासातील एक बाब लक्षणीय आहे. विकाराची ओळख थंड प्रदेशांत झाली. म्हणून त्याचे रूढ नावही ‘पांढरे बोट’ असेच पडले. थंडीत दिसणारे एक लक्षण संपूर्ण विकाराचे नाव होऊन बसले. १९७५ च्या टेलर-पेल्मिअर श्रेणीतही रक्ताभिसरण आणि संवेदना यांची सरमिसळ होती. १९८६ च्या स्टॉकहोम येथील कार्यशाळेतून आलेल्या श्रेणीने ही चूक दुरुस्त केली. तिच्यात रक्तवाहिन्यांचा बिघाड आणि मज्जातंतूंचा बिघाड स्वतंत्रपणे, तसेच प्रत्येक हातासाठी वेगळा मोजला जातो. बोट पांढरे न पडताही हात निकामी होत जाऊ शकतो, ही गोष्ट या विभागणीमुळे वैद्यकशास्त्राच्या नोंदीत आली.

कायद्याचे वाचन

दगडाला भोक पाडणारा एक कामगार डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या यंत्रातून एकाच वेळी तीन गोष्टी निघतात : धूळ, आवाज आणि कंपन. धूळ फुप्फुसात जाते, आवाज कानात जातो, कंपन हातात जाते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सूचना देण्यायोग्य २९ रोगांची यादी होती. तिच्यात १२ व्या क्रमांकावर सिलिकोसिस आणि २२ व्या क्रमांकावर आवाजामुळे येणारे बहिरेपण होते. कंपनामुळे होणारा हाताचा विकार त्या यादीत कोठेही नव्हता. अधिनियमाच्या कलम ८९ नुसार यादीतील रोग आढळल्यास व्यवस्थापकाने आणि वैद्याने तो कळविणे बंधनकारक होते. यादीबाहेरच्या रोगाबाबत असे बंधन नव्हते. ज्याची सूचना द्यावयाची नाही त्याची संख्या होत नाही, आणि ज्याची संख्या नाही तो प्रश्न धोरणकर्त्यांसमोर येत नाही.

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचे १९९८ चे केंद्रीय नियम या बाबतीत अधिक बोलके आहेत. त्यांतील नियम ३४ चे शीर्षकच अतिरिक्त आवाज आणि कंपन असे आहे. कामगाराचे दोहोंपासून रक्षण करण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. परंतु पुढे मर्यादा सांगताना नियम केवळ आवाजाची सांगतो आणि तिच्यासाठी सहाव्या अनुसूचीचा हवाला देतो. कंपनाचा शब्द नियमात आला, आकडा मात्र आला नाही. आकड्यावाचून निरीक्षकाने काय मोजावे आणि मालकाने कशाचे उल्लंघन केले असे म्हणावे? हे कर्तव्य केवळ उच्चारापुरते राहते.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने कारखाने अधिनियमासह तेरा कायदे आपल्यात सामावून घेतले. जुनी उणीव दूर करण्याची ही संधी होती. प्रत्यक्षात २९ रोगांची यादी जवळजवळ जशीच्या तशी नव्या संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत उतरली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या सुधारित यादीत कंपनामुळे होणाऱ्या रोगांना स्पष्ट स्थान असताना ही पुनरावृत्ती झाली, हे विशेष होय.

भरपाईच्या कायद्यातही हात असाच अनुल्लेखित राहिला. कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम ३ नुसार यादीबाहेरचा रोग एखाद्या विशिष्ट अपघाती इजेचा थेट परिणाम असल्यासच भरपाई मिळू शकत होती. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हीच रचना कायम आहे. कंपनाच्या विकाराला अपघाताची तारीख नसते. तो रोज थोडा थोडा घडतो.

वयाची अट आणि सोसण्याचा हिशेब

नव्या संहितेच्या अंमलबजावणीबरोबर ४० वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्यतपासणी ही तरतूद केंद्र शासनाने ठळकपणे मांडली. तरतूद स्वागतार्ह आहे. तथापि कंपनाच्या बाबतीत वय हा निकष अपुरा ठरतो. येथे निर्णायक असतात दोन गोष्टी : यंत्राचे कंपन किती आणि ते दिवसातून किती वेळ हातात राहिले.

ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनी आठ तासांच्या दिवसासाठी दोन पायऱ्या ठरविल्या. कंपनाची सरासरी २.५ मीटर प्रति सेकंदवर्ग झाली की उपाय आणि तपासणी सुरू करावयाची. ५ च्या वर ती जाऊ द्यावयाची नाही. ब्रेकरचे कंपन १२ धरले तर पहिली पायरी सुमारे २१ मिनिटांत आणि दुसरी सुमारे ८३ मिनिटांत ओलांडली जाते. ८ इतके कंपन असलेला ग्राइंडर पहिली पायरी सुमारे ४७ मिनिटांत गाठतो आणि दुसरी तीन तासांच्या किंचित पुढे. ही मिनिटे यंत्र प्रत्यक्ष चालू असल्याची आहेत. विसाव्या वर्षी ग्राइंडर हाती घेणारा मुलगा चाळिशीला पोहोचेपर्यंत वीस वर्षांचे कंपन हातात साठवून बसलेला असतो. आरंभी हत्यार सोडले तर काही लक्षणे ओसरू शकतात. मज्जातंतूंची हानी पुढे गेल्यावर ती बहुधा भरून येत नाही. चाळिशीतील पहिली तपासणी त्या मुलाच्या बाबतीत हानीची केवळ नोंद घेऊ शकेल.

शिवाय नव्या संहितेनुसार विजेवर चालणारा उद्योग कारखाना ठरण्यासाठी वीस कामगार लागतात. चार माणसांचे वेल्डिंगचे दुकान त्या व्याख्येत बसत नाही. यंत्र तेच, हात तसाच. कायद्याचे छत मात्र निराळे.

उष्ण प्रदेशातील तपासणी

येथवरच्या विवेचनावरून ब्रिटिश पद्धत जशीच्या तशी स्वीकारावी असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा ठरेल. तेथील पद्धतीत पाच टप्पे आहेत : कामाच्या आरंभी प्रश्नावली, दरवर्षी छोटी प्रश्नावली, लक्षणे सांगितल्यास प्रशिक्षित परिचारिकेकडून अथवा तत्सम व्यक्तीकडून तपासणी, त्यानंतर या विषयातील डॉक्टरकडून निदान आणि गरजेनुसार विशेष चाचण्या. ही रचना स्वस्त आणि शहाणी आहे, कारण तिचा पाया महागड्या यंत्रावर नसून प्रश्नावर आहे. परंतु थंडीत बोटे पांढरी पडतात का, या प्रश्नाला तेथे जे महत्त्व आहे ते वऱ्हाडात राहू शकत नाही.

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत बोट पांढरे पडलेले दिसण्याची शक्यता अल्प. उष्ण देशांतील अभ्यासांत पांढरेपणा क्वचित आणि बधिरपणा व मुंग्या अधिक आढळतात, हे आता सर्वमान्य आहे. उन्हाळ्यात शिबिर भरवून ‘कोणाचेही बोट पांढरे नाही’ असा शेरा मारला, तर तो हाताविषयी फारसे काही सांगत नाही, ऋतूविषयी सांगतो. म्हणून येथील तपासणीत मज्जातंतूंच्या लक्षणांना प्रथम स्थान हवे. रक्ताभिसरणाचा प्रश्न विचारावयाचा तर तो डिसेंबर-जानेवारीत, पहाटे दुचाकीवरून कामाला जाण्याच्या अनुभवाशी जोडून विचारावा.

दुसरा मुद्दा भाषेचा. बाळापूरचा कामगार ‘संवेदनाहीनता’ म्हणत नाही. ‘हाताले मुंग्या येते’, ‘बोटं सुन्न पडते’ असे तो सांगतो, आणि बहुधा विचारल्याशिवाय तेही सांगत नाही. कारण यंत्रावरच्या प्रत्येकाच्या हाताला मुंग्या येतात, ही त्याच्या दृष्टीने कामाची रीत असते. यंत्र बंद केल्यावर मुंग्या वीस मिनिटांहून अधिक टिकतात का, रात्री हात सुन्न होऊन झोप मोडते का, शर्टाची गुंडी लावताना किंवा जमिनीवरचा स्क्रू उचलताना बोटे चुकतात का, असे प्रश्न छापील कागदावर याच बोलीत असावयास हवेत. हे विचारण्यासाठी आशा स्वयंसेविका अथवा परिचारिकाही पुरेशी आहे. मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मानेचा आजार यांतूनही अशीच लक्षणे येतात. हा भेद करणे पुढच्या टप्प्यावरील डॉक्टरचे काम होय. त्या शंकेपोटी पहिला प्रश्नच न विचारणे समर्थनीय नाही.

तपासणीच्या मर्यादा

तपासणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. रोजंदारीवरील माणसाने बधिरपणा कबूल केला तर त्याचे हत्यार काढून घेतले जाईल आणि हत्याराबरोबर मजुरीही जाईल. मग तो खरे का सांगेल? हा आक्षेप निराधार नाही. प्रश्नावलीवर उभी असलेली पद्धत कामगाराच्या विश्वासावर चालते. विश्वास नसेल तेथे कागद स्वच्छ आणि हात आजारी अशी स्थिती येते. म्हणून तपासणीचा निष्कर्ष मालकाला ‘योग्य-अयोग्य’ एवढाच कळावा, तपशील गुप्त राहावा आणि काम बदलल्यास मजुरी घटू नये, या तीन अटींवाचून तपासणी ही छाटणीची चाळणी बनण्याचा धोका आहे.

तसेच तपासणी हा कंपन रोखण्याचा उपाय नव्हे. कमी कंपनाचे यंत्र, धार असलेले पाते, वेळेवर बदललेली चकती, माणसांची अदलाबदल आणि यंत्र चालविण्याच्या मिनिटांवर मर्यादा हे खरे उपाय होत. हातमोज्यांवर भिस्त ठेवणे चुकीचे आहे. ते हात उबदार ठेवतात, ओरखडे वाचवितात, पण ब्रेकरसारख्या यंत्राचे मंद गतीचे कंपन अडवीत नाहीत.

समारोप

सारांश, आपल्या कायद्याने दगड फोडणाऱ्याचे फुप्फुस आणि कान यांची दखल घेतली. ज्या हाताने तो दगड फोडतो त्याची घेतली नाही. ही उणीव दूर करण्यासाठी कंपनजन्य हातविकाराचा सूचना देण्यायोग्य रोगांच्या आणि भरपाईच्या अशा दोन्ही याद्यांत समावेश, आवाजाप्रमाणे कंपनालाही अंकांतील मर्यादा, आणि वयाऐवजी यंत्र हाती घेतल्याच्या दिवसापासून तपासणी ही किमान पावले होत. त्याचबरोबर ती तपासणी परक्या हवामानाची नक्कल असू नये. वऱ्हाडातील हात प्रथम बधिर होतो. तो पांढरा पडण्याची वाट पाहणारा कागद येथे कोराच राहील, आणि कोऱ्या कागदाचा अर्थ निरोगी हात असा लावला जाईल.