वादळ कथेत का येत नाही?

अमिताव घोष यांचे ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ हे पुस्तक २०१६ साली प्रसिद्ध झाले. कथा, इतिहास आणि राजकारण असे त्याचे तीन भाग आहेत. हवामानबदल हे आपल्या काळाचे सर्वांत मोठे संकट असताना गंभीर कादंबरीत त्याचे प्रतिबिंब एवढे पुसट का, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. साहित्याची ओढ असलेल्या आणि समुद्राच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना तो दुहेरी भिडावा.

उत्तराचा आरंभ घोष स्वानुभवाने करतात. १७ मार्च १९७८ रोजी, दिल्लीत विद्यार्थी असताना, ते एका चक्रावाताच्या तडाख्यात सापडले. पुढे अनेक कादंबऱ्या लिहूनही तो प्रसंग त्यांना एकाही कादंबरीत बसवता आला नाही. वाचकाला तो बनावट वाटला असता. आधुनिक कादंबरी संभाव्यतेच्या पायावर उभी राहिली आणि जे क्वचित घडते ते तिने उंबऱ्याबाहेर ठेवले, हा त्यांचा सिद्धान्त. तो मार्मिक आहे आणि बव्हंशी पटतो.

मुंबईवरील विवेचन तर आपण सर्वांनी वाचावे असे आहे. कोलंबिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल यांच्या साहाय्याने घोष विचारतात की, अरबी समुद्रातील एखादे महाचक्रीवादळ थेट या शहरावर आले तर काय होईल? त्यासाठी ते मे १६१८ मध्ये मुंबई-वसई परिसराला झोडपून गेलेल्या वादळाची आठवण जागवतात. म्हणजे ज्याला आपण अघटित म्हणतो, ते आपल्या पूर्वजांच्या अंगणात घडून गेलेले आहे.

मात्र येथेच माझा मतभेद सुरू होतो. घोष यांची दृष्टी रौद्र, अकस्मात घटनेवर खिळते. हवामानाच्या संशोधनाचे खरे बळ मात्र संथ, चिकाटीच्या मोजणीत आहे. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईतील मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला. तेव्हा तो दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ साली हवेच्या एका उभ्या स्तंभाचे गणित मांडले. हा वायू दुप्पट झाला तर पृष्ठभागाचे तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढेल, असे त्यातून निघाले. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि त्या बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता हेच चक्रीवादळाचे इंधन. यात चमत्कारिक असे काहीच नाही. उलट हे सारे दैनंदिन आहे. साहित्याला केवळ वादळ रंगवता आले नाही असे नव्हे. हळूहळू तापणारे पाणीही त्याला दिसले नाही. ही दुसरी उणीव पुस्तकात पुरेशी उमटत नाही.

अखेरच्या भागात घोष यांनी २०१५ सालच्या दोन दस्तऐवजांची तुलना केली आहे: पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र आणि पॅरिस करार. विश्वपत्राची भाषा त्यांना सरळ व मोकळी वाटते, कराराची गुंतागुंतीची आणि तंत्रज्ञानावर भाबडा विश्वास ठेवणारी. परधर्मीय लेखकाच्या या गौरवाने आपण सुखावतो. परंतु आपल्या किती घरांत ते विश्वपत्र उघडले गेले, हे स्वतःला विचारल्याशिवाय सुखावण्याचा अधिकार आपल्याला नाही. धार्मिक समूह या प्रश्नावर लोकांना जागे करतील, अशी आशा घोष बाळगून आहेत. ती आशा हे आपल्यावरचे ऋण आहे.

पुस्तकातील एक छोटा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. कोलकात्याच्या घराला धोका आहे, दुसरीकडे राहायला जाऊ, असे घोष यांनी आईला सुचवले, तेव्हा मुलाचे डोके फिरले की काय, असे तिला वाटले. मला २ जून २०२० ची संध्याकाळ आठवली. टाळेबंदीमुळे चर्च बंद होते. ‘निसर्ग’ वादळाच्या इशाऱ्यामुळे किनाऱ्यावरच्या घरांना मी फोनवरून सावध करीत होतो. दुसऱ्या दिवशी वादळ रायगडात शिरले आणि आपण वाचलो. त्यानंतर एक आजी मला म्हणाल्या, “फादर, तुमचं वादळ आलंच नाही!” श्रीवर्धनच्या वाड्या उद्ध्वस्त झाल्या होत्या, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. पुढल्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले आणि मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा अनेकांसह बुडाला.

घोष म्हणतात, संभाव्यतेने कादंबरीला आंधळे केले. मला वाटते, टळलेल्या संकटाला खोटे ठरवण्याची सवय आपल्या सर्वांनाच आंधळे करते. शास्त्रज्ञ धोका आकड्यांत सांगतो. तो आकडा आजींच्या ओसरीपर्यंत पोहोचवील अशी कथा अद्याप लिहिली जायची आहे. या त्रैमासिकाच्या तरुण लेखकांनी हे पुस्तक त्यासाठी वाचावे.