‘प्रांद्र’ या फ्रेंच क्रियापदाचे मराठी पर्याय : अर्थ आणि वाक्यरचना

अनेकार्थी क्रियापदापुढे पर्यायांची मालिका मांडण्याची द्विभाषिक कोशांची प्रथा आहे. लॅटिन ‘प्रेहेंदेरे’पासून आलेल्या ‘प्रांद्र’ या फ्रेंच क्रियापदापुढे ‘घेणे, पकडणे, धरणे’ असे पर्याय लिहिले, तर त्यांत चूक नाही. परंतु कोणत्या वाक्यात कोणता योजावा, हे त्यांवरून कळत नाही. या क्रियापदाचा एक मोठा प्रांत तर मालिकेबाहेरच राहतो.

फ्रेंच माणूस चहा ‘घेतो’, त्याच क्रियापदाने गाडी ‘पकडतो’ आणि ‘प्रांद्र पासियांस’ म्हणजे धीर ‘धरतो’. ‘प्रांद्र रासिन’ म्हणजे मूळ धरणे. गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांधीत रोवलेल्या पऱ्ह्यांविषयी आपण जे म्हणतो, तेच येथे शब्दशः आढळते. इथवर मालिका पुरते. परंतु फ्रेंचमध्ये आग, कलम आणि दही यांच्याविषयीही ‘प्रांद्र’च योजतात. ‘ला ग्रेफ आ प्री’ याचे ‘कलमाने घेतले’ असे भाषांतर निरर्थक होय. मराठीत आग लागते, कलम लागते, विरजणही लागते. ‘सला प्रां दु तां’ याचा अर्थ ‘याला वेळ लागतो’. येथे फ्रेंचमधील कर्ता मराठीत ‘ला’ प्रत्यय घेतो आणि तेथील कर्म येथे कर्ता होते.

हा भेद कर्त्याच्या इच्छेवर अवलंबून आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. ते मत टिकत नाही. ‘प्रांद्र पर’ याला मराठीत ‘धास्ती घेणे’ हा नेमका पर्याय आहे. पण धास्ती कोणी स्वेच्छेने घेत नाही. रोपही इच्छेने मूळ धरीत नाही. खरा निकष रचनेचा आहे. ‘त्याने चहा घेतला’, ‘रोपाने मूळ धरले’ येथे ‘ने’ येतो. ‘कलम लागले’, ‘त्याला वेळ लागला’ येथे तो संभवत नाही. फ्रेंच भूतकाळात या सर्व ठिकाणी ‘आ प्री’ हे एकच रूप असते. तेथे जे झाकलेले राहते, ते मराठी विभक्ती उघड करते. ‘घेणे’ आणि ‘धरणे’ यांतील निवड मात्र या निकषाने होत नाही. ती रूढीवर सोपवावी लागते.

झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीविषयक फ्रेंच ग्रंथाचा वा. गो. परांजपे यांनी केलेला अनुवाद १९४१ साली प्रसिद्ध झाला. ध्वनी व रूपे यांचा इतिहास हा त्याचा मुख्य विषय होय. दोन्ही भाषांची अर्थाच्या अंगाने तुलना करावयाची, तर सुट्या शब्दांची जोडी लावून भागणार नाही. कोशकाराने प्रत्येक पर्यायापुढे त्याची वाक्यरचना, निदान कर्त्याची विभक्ती, नोंदवावी. तेवढ्याने विद्यार्थ्याचे कलम ‘घेणार’ नाही, ते लागेल.