एक शोकगीत आणि अठ्ठावीस नावे

साहित्याने अनामिकांना नाव द्यावे, असे आपण समीक्षेत वारंवार म्हणतो. परंतु नाव देणे म्हणजे नेमके काय, याचा विचार क्वचितच करतो. अमेरिकन लोककवी वुडी गथ्री यांचे ‘डिपोर्टी’ हे गीत आणि टिम हर्नांडेझ यांचा ‘ऑल दे विल कॉल यू’ (२०१७) हा ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता हा प्रश्न टाळता येत नाही.

दोहोंचा विषय एकच. २८ जानेवारी १९४८ रोजी मेक्सिकन शेतमजुरांना सरहद्दीकडे परत नेणारे विमान कॅलिफोर्नियात लॉस गॅटोसच्या दरीत कोसळले. ३२ माणसे दगावली. त्यांत २८ मजूर. देशभर गेलेल्या वृत्तांत विमानाच्या कर्मचाऱ्यांची नावे होती; मजुरांची ‘हद्दपार’ या एका शब्दात बोळवण झाली. फ्रेस्नोच्या दफनभूमीत त्यांना एकत्र पुरण्यात आले.

गथ्री यांचे गीत मजुरांच्या मुखातून बोलते. त्यामुळे त्यात परक्याने दाखविलेली दया नाही, आप्ताचा आक्रोश आहे. हा त्याचा मोठा गुण होय. तथापि, ज्यांना नाव नाही म्हणून कवी व्यथित होतो, त्यांना तोही कोणाही मेक्सिकनाला शोभतील अशाच नावांनी हाक मारतो. करुणा खरी, पण मृत माणसे येथेही प्रतीकेच राहतात.

हर्नांडेझ यांनी कुटुंबे शोधली, जुने कागद धुंडाळले. फ्रेस्नोतील एका स्पॅनिश वृत्तपत्राने ती नावे त्याच काळी छापली होती, असे आढळले. म्हणजे नावे नव्हती असे नव्हे. इतरांना त्यांची गरज भासली नव्हती. २०१३ साली २८ नावांची शिला तेथे उभी राहिली. ग्रंथातील काही प्रसंग लेखकाने कादंबरीच्या रीतीने कल्पिले आहेत. तेथे पुरावा कोठे संपला हे वाचकास कळत नाही. हा दोष आम्हांस गौण वाटत नाही.

त्या विमानातील काही मजूर १९४२ च्या करारयोजनेतून रीतसर आले होते व त्यांची मुदत संपली होती. काही कागदपत्रांवाचून आले होते. एका शब्दाने हा भेद पुसून टाकला. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांस वैध दर्जा दिला, तो मात्र प्रत्येकाचे वास्तव्य वा शेतावरील काम तपासून. सुधारणेस व्यक्ती पाहावीच लागते. लोकमतास शब्द पुरतो. २०१३ चे विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत होऊनही प्रतिनिधिगृहात विचारासच आले नाही. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसने ‘बेकायदा’ हे विशेषण कृत्यापुरते ठेवून माणसास लावणे सोडले.

मराठीत आपण ‘घुसखोर’ म्हणतो. त्या शब्दात नाम आणि निकाल एकत्रच येतात. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांत महाराष्ट्रातील माणसेही होती. त्यांच्यासाठी हा शब्द आपल्या लेखणीतून किती सहज उतरला असता? सरहद्दीचे नियम प्रत्येक राष्ट्रास असतात, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु नियम मोडणाऱ्यास नावच नसते, ही समजूत कायद्याची नव्हे, भाषेची आहे. आणि भाषेची जबाबदारी आपणा अध्यापकांवर व लेखकांवर येते.