चिकित्सक आवृत्ति आणि नागमोडी रेषा

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण झाली. त्या कामीं १२५९ हस्तलिखितें तपासण्यांत आलीं. शास्त्रीय पद्धतीनें ग्रंथशुद्धि कशी करावी याचा हा उत्तम वस्तुपाठ होय. असें असतां, या आवृत्तींतील संहिता म्हणजे खुद्द व्यासांची वाणी आणि तींत जें नाहीं तें त्याज्य, असा समज अभ्यासकांतही आढळतो. तो आम्हांस मान्य नाहीं.

पोथ्यांतील समान प्रमाद पाहून त्यांचा वंशवृक्ष मांडावयाचा आणि शाखांवरून मूळ प्रतीचें अनुमान करावयाचें, ही लाखमान या जर्मन पंडिताच्या नांवानें ओळखिली जाणारी पद्धति. प्रत्येक पोथी एकाच आदर्श प्रतीवरून उतरली, हें तिचें गृहीत आहे. आपल्याकडील लेखनिक असें बंधन पाळीत नसे. दुसरी पोथी हातीं आली कीं तींतील अधिक श्लोक तो समासांत लिही. पुढचा लेखनिक ते संहितेंत घेई. अशा संकरापुढें वंशवृक्षाच्या शाखा एकमेकींत गुंततात. शिवाय उपलब्ध पोथ्यांच्या मूळापलीकडे, सूतांच्या मौखिक परंपरेंत, या पद्धतीचा प्रवेशच नाहीं.

ही मर्यादा आदिपर्वाचे संपादक कै. डॉ. वि. सी. सुखटणकर यांस पूर्ण अवगत होती. १९३३ सालीं तें पर्व पुरें करितांना, उपलब्ध पोथ्यांवरून गांठतां येईल तेवढें प्राचीन रूप आपण दिलें आहे, मूळ ग्रंथ नव्हे, असें त्यांनीं प्रस्तावनेंत स्पष्ट केलें. आणि जेथें पाठ निःसंशय नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेषा छापिली. पुढें मिळालेल्या नेपाळी पोथीनें त्यांच्या कित्येक निर्णयांस दुजोरा दिला. तेव्हां पद्धति निष्फळ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा आक्षेप आहे तो ही रेषा गाळून पाठ उद्धृत करणारांवर.

गणेशानें व्यासांचा लेखक होऊन महाभारत लिहिल्याची कथा या आवृत्तींत परिशिष्टांत गेली. प्राचीन रूपांत ती नव्हती, एवढेंच त्यावरून म्हणतां येतें. ती कोणीं घातली आणि लोकांनीं ती पिढ्यान्‌पिढ्या कां जपली, हेही इतिहासाचेच प्रश्न आहेत. त्यांचें उत्तर वंशवृक्ष देत नाहीं.

पोथीसंग्राहकांनीं यावरून एक बोध घ्यावा. आदिपर्वाची शारदा लिपींतील भूर्जपत्राची पोथी वयानें फार जुनी नसतांही पाठानें अग्रगण्य ठरली. उलट, ‘अर्वाचीन, प्रक्षिप्त’ एवढा शेरा मारून बाजूस सारलेलें बाड आम्हीं स्वतः पाहिलें आहे. त्याच्या समासांतील टिपा, हरताळ फांसून बदललेले शब्द, अखेरची पुष्पिका ही सर्व साक्षच होय. तिची सूचींत नोंद न झाल्यास ती कसरीच्या स्वाधीन होईल. संपादकानें आपल्या ज्ञानाची सीमा स्वतःच आंखून दिली. ती पुसून टाकणें हें मात्र शास्त्र नव्हे.