परकी शब्द व त्यांचे प्रतिशब्द

प्रतिशब्द योजताना केवळ अर्थ जुळविणे पुरेसे नाही, असे आमचे मत आहे. सावरकरांचा ‘दिनांक’ सरकारी कागदांत रुळला, कारण ‘तारखे’चे काम व्यवहारापुरतेच होते. पण ‘मिजास’ या शब्दाचे काय? ‘गर्व’ म्हणावे तर तो फार गंभीर; ‘ऐट’ म्हणावी तर ती फार निरुपद्रवी! १८५३ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या वऱ्हाडात, यवतमाळकडेही, असे शब्द घरचेच झाले आहेत. १९२५ साली फारसी-मराठी कोश देणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले. त्यांच्या व्यासंगाविषयी आम्हांस आदर आहे. तथापि ज्याची जागा भरून निघत नाही तो शब्द हद्दपार केल्यास त्याबरोबर अर्थाची एक छटाही जाते. आणि ‘हद्दपार’ हा शब्द तरी निम्मा परकाच नव्हे काय?