खेळाडूंच्या प्रवेशावर संशोधन करायचंय? आधी 'द गेम ऑफ लाइफ' नीट वाचा

शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करायची म्हटलं की एक विषय हमखास पुढे येतो : 'अमुक तालुक्यातील महाविद्यालयीन खेळाडूंचा अभ्यास'. बारामती आणि इंदापूरच घ्या. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि विद्या प्रतिष्ठान आहे, इंदापुरातही कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. जिमखान्यात जायचं, प्रश्नावली वाटायची, टी-टेस्ट लावायची, झाला प्रबंध! यात नेमकं काय निसटतं, ते एका गाजलेल्या पुस्तकाच्या आधारे पाहू.

जेम्स शुलमन आणि विल्यम बोवेन यांचं 'द गेम ऑफ लाइफ' 2001 मध्ये आलं. अमेरिकेतल्या 30 नामवंत संस्था आणि 1951, 1976 व 1989 मध्ये प्रवेश घेतलेले सुमारे 90,000 विद्यार्थी एवढा त्यांचा डेटा. खेळासाठी मुद्दाम निवडलेल्या मुलांना प्रवेशात मोठं झुकतं माप मिळतं आणि पुढे ती अभ्यासात अपेक्षेपेक्षा मागे पडतात, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष.

इथे 'अपेक्षेपेक्षा' हा शब्द अधोरेखित करा. खेळाडूंचे गुण वर्गाच्या सरासरीपेक्षा कमी आहेत, एवढं सांगून लेखक थांबत नाहीत. प्रवेशाच्या वेळी तेवढीच तयारी असलेल्या, पण न खेळणाऱ्या मुलांशी ते तुलना करतात. आपल्या अनेक प्रबंधांत नेमकी हीच पायरी गाळलेली असते. 'खेळाडू' आणि 'बिगरखेळाडू' असे दोन गट केले, सरासरी काढली, फरक 'सार्थ' आला, की निष्कर्ष तयार. हे दोन गट मुळात सारखे होते का, हे कुणी विचारतच नाही.

पण पुस्तकाची मर्यादाही तितकीच मोठी आहे. लेखकांची खरी काळजी आहे ती संस्थेची : एका खेळाडूला जागा दिली, तर दुसऱ्या कुणाची जागा गेली? निवडक संस्थांसाठी हा प्रश्न रास्त आहे. बारामती-इंदापुरात बी.ए.च्या प्रवेशाला सहसा तशी चुरस नसते. इथला प्रश्न उलटा आहे : महाविद्यालयाला ढाल मिळाली, मुलाला काय मिळालं?

आपली रचना आठवा. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. चांगला खेळाडू दहावीलाच नजरेत भरतो. अकरावीला पहिली ओढाताण, बारावीनंतर दुसरी. फी माफ, हॉस्टेल, किट, प्रवासखर्च ही आश्वासनं बहुतेक वेळा तोंडीच असतात. समजा, निमगाव केतकीची एक कबड्डीपटू अशा शब्दावर बारामतीला आली आणि दुसऱ्याच वर्षी तिचा गुडघा गेला. हॉस्टेल राहणार का? फी कोण भरणार? तिने शिक्षण सोडलं, तर तुमची प्रश्नावली तिच्यापर्यंत पोहोचणारच नाही. जिमखान्यात सापडतात ते टिकलेले. त्यांना विचारून 'खेळाडू समाधानी आहेत' असं लिहिणं म्हणजे एस.टी.त बसलेल्यांनाच विचारणं, की गाडी मिळाली का!

'द गेम ऑफ लाइफ'चा मुख्य डेटाही प्रवेश घेतलेल्यांपासूनच सुरू होतो. ज्यांना बोलावून शेवटी घेतलं नाही, ते त्यात जवळपास दिसत नाहीत.

दुसरी अडचण चलांची. पदक किंवा प्रमाणपत्र हे यशाचं माप म्हणून वापरताना जपून. आपल्याकडे प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही राज्यात उघड झाली आहेत. ज्या कागदाला बाजारभाव आहे, त्याला निव्वळ कौशल्याचं माप मानता येत नाही.

मग सुधारणा काय? 'सगळं लेखी करा', असं शिफारशींच्या प्रकरणात लिहायचा मोह होईल. पण अमेरिकेत लेखी होतंच. 1964 पासून 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचा करार होता. सही केली की खेळाडू त्या महाविद्यालयाशी एक वर्ष बांधला जाई, मोडला तर दंड त्यालाच. ऑक्टोबर 2024 मध्ये ही पद्धत बंद केली. म्हणजे कागद असून भागत नाही, तो कुणाला बांधतो ते पाहावं लागतं. माझ्या मते, लेखी हमी महाविद्यालयाने द्यावी : सवलत किती वर्षांची, दुखापत झाली तर काय, आणि खेळाडूला दुसरीकडे जायचं असेल तर त्याचे दाखले अडवणार नाही.

यावर काम करायचं असेल तर सुरुवात जिमखान्यातून करू नका. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे चार-पाच वर्षांपूर्वीच्या 17 वर्षांखालील स्पर्धांच्या याद्या मागा. दोन्ही तालुक्यांतली एकेक मुलगी, एकेक मुलगा आज कुठे आहे ते शोधा : खेळतोय, शिकतोय, नोकरी करतोय की लग्न होऊन गेलीय. विचारा, कुणी काय कबूल केलं होतं आणि त्यातलं काय पाळलं. कुणी अजून 18 वर्षांखालचं असेल तर पालकांचीही संमती घ्या. नमुना लहान राहील, गाईड कदाचित कुरकुरतील. त्यांना सांगा, 200 टिकलेल्यांपेक्षा 40 जणांची पूर्ण यादी जास्त बोलते.