यंत्राचं अनुमान आणि ओलं जळण

वैद्यकातली कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय अफाट आहे. मी एकच उदाहरण घेतो: छातीच्या एक्स-रेवरून क्षय ओळखणारी संगणकप्रणाली. मुंबईची क्युअर डॉट एआय ही २०१६ साली स्थापन झालेली कंपनी अशी प्रणाली बनवते. मार्च २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा प्रणालींची शिफारस केली, पण १५ वर्षांपासून पुढच्या व्यक्तींसाठी, आणि फक्त चाळणीसाठी. क्षय पक्का करायला थुंकीची तपासणी लागतेच. आपण मात्र सर्रास म्हणतो, 'यंत्र निदान करतं'. माझा आक्षेप या क्रियापदाला आहे.

न्यायशास्त्रात अनुमानाला व्याप्ती लागते. धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण अग्नी तिथे धूर? तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठाय? जळण ओलं असेल तरच धूर. या ओल्या जळणाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. नियम खरा वाटतो, पण त्याला टेकू भलत्याच गोष्टीचा असतो. (पावसाळ्यात चूल फुंकलेल्या बाईला हे शिकवायला नको!)

२०१८ साली अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणाऱ्या अशाच प्रणाली तपासल्या. एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला, हे त्या चित्रावरूनच जवळजवळ अचूक ओळखत होत्या. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, दुसऱ्यात कमी. मग फुप्फुसाऐवजी रुग्णालय वाचलं तरी उत्तर जमायचं. परक्या रुग्णालयाचे एक्स-रे दिले, तेव्हा पाचपैकी तीन तुलनांत कामगिरी घसरली. हेच ते ओलं जळण.

आता आपल्याकडे बघा. नांदगाव घ्या की मालवण, तरणी माणसं मुंबईला. २००१ ते २०११ या काळात जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली. घरात उरले म्हातारे. बरा झालेला क्षयही फुप्फुसावर व्रण ठेवून जातो. आणि वयस्कांमध्ये, पूर्वी क्षय झालेल्यांमध्ये या प्रणाली कमी नेमक्या ठरतात, हे तपासून झालेलं आहे.

शिवाय यंत्र देतं ते फक्त गुण. किती गुणांच्या वर थुंकी तपासायची, ती रेषा माणूस आखतो. खाली आणली तर नाहक तपासण्या आणि खर्च. वर नेली तर खरा रोगी घरी जातो नि नातवंडांत बसून खोकतो. म्हणून ही रेषा स्थानिक पाहणीवरून ठरवावी, असं खुद्द संघटनाच सांगते.

१९७०च्या दशकात स्टॅनफर्डला 'मायसिन' नावाची प्रणाली होती. 'का?' विचारलं की ती आपला नियम दाखवायची. प्रत्यक्ष उपचारांत ती कधी वापरली गेली नाही, ते सोडा. आणि एक्स-रे वाचणारा डॉक्टरच नसेल तिथे मी आजच्या मुक्या यंत्राच्या बाजूनं उभा राहीन. पण उद्या एक्स-रेची गाडी गावात आली तर दोन गोष्टी विचारा: रेषा किती गुणांवर ठेवलीय, नि कुणाचे एक्स-रे बघून? आणि रेषेखाली राहिलेल्या खोकणाऱ्या माणसाला परत कधी बोलावणार?